महापौरांच्या हस्ते नारळ फुटण्याआधी

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर आणि आता जालना. मराठवाड्यातल्या पाचही महापालिकांत महापौरांचा दिवस साधारण सारखाच जातो. सकाळी गल्लीतल्या रस्त्याचं भूमिपूजन, मग शाळेचं बक्षीस वितरण, दुपारी निवेदनं घेऊन आलेली मंडळी, संध्याकाळी दोन लग्नं, एखाद्या सप्ताहाचा काला नाहीतर उरुसाची चादर. बोलावलं तर बहुतेक महापौर येतात. त्यातून आपल्या वॉर्डाच्या पदरात काय पडतं, ते मात्र आपण कागदावर काय दिलं यावर ठरतं.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 प्रमाणे कारभार चालवण्याचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. महापौर अडीच वर्षांसाठी नगरसेवकांमधून निवडले जातात, सर्वसाधारण सभा चालवतात आणि मतं समसमान पडली तर निर्णायक मत देतात. कंत्राटदाराचं बिल काढणं त्यांच्या सहीनं होत नाही. म्हणून "साहेब, आत्ताच सांगा त्यांना" म्हटलं की फोन लागतो, पलीकडून "हो साहेब" येतं आणि बहुतेक वेळा विषय तिथंच मिटतो.

तेव्हा निवेदन. एका कागदावर एकच मागणी. पाणी, दिवे, कचरा आणि मोकाट कुत्री एकाच अर्जात घातली की तो चार विभागांत फिरतो आणि कुणाचाच राहत नाही. "पाणी येत नाही" एवढ्यावरही काही होत नाही. कोणत्या जलकुंभावरून पुरवठा आहे, शेवटचं पाणी कोणत्या तारखेला आलं, किती मिनिटं चाललं, व्हॉल्व्हपासून कितव्या घरापर्यंत पोचलं, हे लिहा. संभाजीनगरात जायकवाडीहून येणाऱ्या 700 आणि 1400 मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्यांवर शहरानं वर्षानुवर्षं दिवस काढले. तिकडं वाहिनी फुटली किंवा पंपाची वीज गेली की सगळं वेळापत्रक पुढं सरकतं, त्यात महापौर काही करू शकत नाहीत. पण शेजारच्या गल्लीत पाणी आहे आणि तुमच्या टोकाला नाही, तर कारण जवळचंच असतं: व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, नाहीतर वरच्या घरांनी नळाला थेट मोटारी लावल्यात. असा मुद्दा दिला की लाइनमनला जागेवर पाठवता येतं.

निवेदनाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. महापौर शेरा मारतात, "तातडीने कार्यवाही करावी". हा शेरा सगळ्यांच्याच अर्जावर असतो, त्यावर फार विसंबू नका. आठवड्यानं महापौर कार्यालयातून जावक क्रमांक घ्यायचा आणि तो घेऊन झोन कार्यालयात विचारायचं. क्रमांक नसेल तर अर्ज शोधायलाही कुणी उठत नाही.

पैसा लागणारं काम असेल तर मामला लांबतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, स्थायी समिती, मग कार्यारंभ आदेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायचं लेखी पत्र. भूमिपूजनाचा आग्रह धरण्याआधी एवढंच विचारा: कार्यारंभ आदेश निघालाय का? तो नसताना नारळ फुटला की खडीचा एक ढीग पडतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथंच राहतो. दुसरा प्रश्न, रस्त्याखालची ड्रेनेज आणि पाण्याची लाइन आधी टाकून झाली का? सिमेंट रस्ता झाल्यावर तो कटरनं कापणं हा आपल्याकडचा नेहमीचा सोहळा आहे, फक्त त्याची पत्रिका छापत नाहीत.

चौकाच्या नावासारखा विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर यावा लागतो. नगरसेवकाकडून प्रस्ताव द्या, सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा. सभेची विषयपत्रिका काही दिवस आधी निघते, तिच्यात विषय छापून आलाय का ते पाहा. ऐनवेळचा विषय म्हणून गोंधळात मंजूर झालेला ठराव कच्चा राहतो. नियमात बसत नसेल तर राज्य सरकार त्याच अधिनियमाच्या कलम 451 खाली तो निलंबित करून पुढं विखंडित, म्हणजे रद्दही करू शकतं. पुतळ्याचं तर वेगळंच, तिथं नुसता ठराव पुरत नाही, जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं.

कार्यक्रमाचं म्हणाल तर भांडणं पत्रिकेवरून होतात. पालकमंत्री, खासदार, आमदार, महापौर यांचा क्रम शिष्टाचाराप्रमाणे लावा आणि त्याच प्रभागातल्या नगरसेवकांची नावं विसरू नका. एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक असतात, एक नाव राहिलं तरी मंडप रिकामा पडतो. आचारसंहितेत उद्घाटन ठेवू नका.

गणेशोत्सवाआधीच्या शांतता समितीच्या बैठकीत महापौर, पोलीस आणि महावितरण एकत्र सापडतात. तिथं भाषण करू नका. मिरवणुकीच्या मार्गाची यादी द्या: कोणत्या खांबाजवळ केबल खाली आलीय, कुठली फांदी मूर्तीला अडेल, विसर्जन विहिरीपाशी दिवे कुठं नाहीत. आणि जागा कुणाच्या हद्दीत येते ते आधी बघून घ्या. संभाजीनगरची कर्णपुऱ्याची यात्रा लष्करी छावणीचा भाग सांभाळणाऱ्या छावणी परिषदेच्या हद्दीत भरते, तिथल्या खड्ड्याचं निवेदन महापौरांना दिलं तर ते फक्त पुढं पाठवतील.