नुसतं बोलून काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी नाशिकमध्ये समुपदेशन करते असे कळले, की लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेनंतर किंवा गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंकडूनही हा प्रश्न येतोच: "नुसतं बोलून काय होतं हो? बोलायला घरात माणसं असतात की." विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा घरातलेच कुणीतरी असते, आणि त्या माणसाला कुठे न्यावे, न्यावे की नाही, हे ठरत नसते. म्हणूनच या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होणे मला कधी जमलेले नाही.

माझ्याकडे येणारी माणसे आजाराचे नाव घेऊन येत नाहीत. जीव घाबरा होतो, डोके जड राहते, छातीत भरून येते, झोप लागत नाही, टेन्शन आहे, अशा शब्दांत ती सांगतात. काही वर्षांपूर्वी चाळिशीतले एक गृहस्थ आले होते. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. कामासाठी ते दर आठवड्याला मुंबईला जात. एकदा गाडी कसारा घाटातल्या बोगद्यात थांबली आणि त्यांच्या छातीत धडधडू लागले, हाताला मुंग्या आल्या, दरदरून घाम फुटला, आणि आपण आता मरणार अशी त्यांची खात्री झाली. कल्याणला उतरून ते थेट रुग्णालयात गेले. ईसीजी स्वच्छ होता. हे तीनदा झाले. हृदयाची आणि थायरॉइडची तपासणी आधी झालीच पाहिजे, आणि ती झाली होती. त्यानंतर "काही नाही, मनाचं आहे" असे ऐकून त्यांना धीर येण्याऐवजी अपमान वाटला, कारण धडधड तर खरीच होती.

याला पॅनिक अटॅक म्हणतात. धोक्याची चाहूल लागली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते, हृदय वेगाने चालते आणि श्वास भराभर होतो. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात आणि गरगरते. मग माणूस त्या मुंग्यांनाच हृदयविकार समजतो आणि भीती आणखी वाढते. ही लाट साधारणपणे दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचते आणि मग आपोआप उतरू लागते. पण हे गृहस्थ ती उतरण्याआधीच पुढच्या स्थानकावर उतरून जात, त्यामुळे "उतरलो म्हणून वाचलो" एवढेच त्यांचे मन शिकत गेले आणि पुढे तर त्यांनी गाडीच सोडली. आम्ही काय केले? आमच्या खोलीत त्यांनी एक मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घेतला, जिने चढले, फिरत्या खुर्चीत गरगर फिरले. तीच धडधड आली, त्याच मुंग्या आल्या, आणि त्या ओसरल्या. नंतर देवळालीपर्यंतचा प्रवास, मग इगतपुरीपर्यंतचा, आणि शेवटी घाट. घरच्यांनीही त्यांच्यावर माया केली होती. पत्नी सोबत जात असे, मुलगा दर अर्ध्या तासाने फोन करीत असे. त्या मायेतूनच भीतीला आधार मिळत होता, हे त्यांना कुणी दाखवून दिलेले नव्हते.

दुसरे उदाहरण ज्याचे आहे, त्या त्रासाला मराठीत फार जुना शब्द आहे: मंत्रचळ. आज त्याला आपण ओसीडी म्हणतो: नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो आणि तो शमवायला माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहतो. गॅस बंद केला का, असे नवऱ्याला दिवसातून वीस वेळा विचारणारी बाई आणि वीसही वेळा "हो, केलास" असे शांतपणे सांगणारा नवरा माझ्यासमोर बसलेले मी अनेकदा पाहिले आहेत. त्याच्या उत्तराने तिला दोन मिनिटे बरे वाटते, आणि त्या दोन मिनिटांच्या सुटकेसाठीच तिसऱ्या मिनिटाला पुन्हा विचारावेसे वाटते. 1966 साली लंडनमधल्या एका रुग्णालयात व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने अशा रुग्णांना त्यांच्या भीतीसमोर आणून धुण्याची किंवा तपासण्याची कृती मात्र करू दिली नाही, आणि त्यांची अस्वस्थता हळूहळू कमी होते हे दाखवले. आजही उपचाराचा गाभा तोच आहे. बाईने गॅस एकदाच बंद करून घराबाहेर पडायचे आणि वाटणारी तगमग सोसायची, नवऱ्याने काय उत्तर द्यायचे हे दोघांनी मिळून ठरवायचे: "या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, असं आपलं ठरलंय ना?"

मंत्रचळाचा एक प्रकार मात्र हात धुण्यासारखा डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याविषयी लोकांना कळावे अशी माझी फार इच्छा आहे. देवापुढे हात जोडले की मनात शिव्या येतात, किंवा भाजी चिरताना "ही सुरी मी बाळाला मारली तर?" असा विचार एखाद्या नव्या आईच्या मनात घुसतो. ती हादरते, सुऱ्या लपवते, बाळाला एकटीने आंघोळ घालणे टाळते आणि कुणालाही सांगत नाही, कारण सांगितले तर आपल्याला राक्षसीण ठरवतील असे तिला वाटते. बाळंतपणानंतरचे इतर गंभीर आजार नाहीत ना, हे आधी तपासावेच लागते. पण मंत्रचळातला असा विचार तिच्या इच्छेच्या अगदी उलट असतो, म्हणून तर ती इतकी घाबरते. हे ऐकून समोर हमसाहमशी रडलेल्या आया मला आठवतात.

परीक्षेच्या भीतीबाबत आपल्या भाषेतले एकच अक्षर पुष्कळ काही सांगून जाते. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने 1955 साली न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला अट्टहास आपल्याला जास्त छळतो, असे ही पद्धत सांगते. स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नाला बसलेला मुलगा म्हणतो, "या वेळी झालंच पाहिजे." तो 'च' आम्ही कागदावर वेगळा काढतो. "या वेळी व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे" या वाक्याने अभ्यासाची धार कमी होत नाही, पण पेपर हातात पडताच हात थरथरणे कमी होते. हे एका भेटीत होत नाही. तो 'च' घरातून, क्लासमधून, गावाकडच्या फोनवरून रोज परत येत असतो.

नैराश्यात घरचे म्हणतात, "मन रमव जरा." पण मन रमत नाही हाच तर तो आजार आहे. उपचारात क्रम उलटा असतो: मन लागण्याची वाट न पाहता छोटी, ठरलेली कृती आधी करायची आणि त्यानंतर मनाला काय वाटले याची नोंद ठेवायची. गोव्यात 'संगत' या संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच करून पाहिले. मानसशास्त्राचे शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून सहा ते आठ भेटी घडवल्या. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर ते न मिळालेल्यांपैकी 39 टक्के. उरलेले एक तृतीयांशाहून अधिक लोक समुपदेशनानंतरही पुरते बरे झाले नव्हते, हेही मी प्रत्येकाला सांगते.

निद्रानाशावरही अशीच कृतीची पद्धत आहे. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता उठायचे आणि सकाळी उठण्याची वेळ मात्र बदलायची नाही, इथून तिची सुरुवात होते.

आता समुपदेशन कुठे पुरे पडत नाही ते सांगते. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) आणि बायपोलर (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या) आजारात औषधे आधी, समुपदेशन त्यांच्या जोडीला. कर्जाचा हप्ता माझ्याशी बोलून फिटत नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्याशी जुळवून घ्यायला बाईला शिकवणे याला मी समुपदेशन मानत नाही; तिथे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाण्याचा रस्ता तिला दाखवणे हे माझे काम आहे. 'समुपदेशक' अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण कोणते, सराव कुणाच्या देखरेखीखाली झाला, पद्धत कोणती वापरणार, हे पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारावे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती पाहायला मागण्यात काही गैर नाही.

आणि घरातल्या माणसांचे काय, हा तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग. त्यांची गरज कमी होत नाही. कुणी गप्प गप्प राहू लागले, "माझा सगळ्यांना भार आहे" असे म्हणू लागले, तर "मरावंसं वाटतं का तुला?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. आधीच असलेला विचार बोलून दाखवायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर उपदेश करू नये आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिथे त्याच्याजवळ बसूनच फोन लावावा. घरात फवारणीचे औषध किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर त्या त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवाव्यात, आणि सकाळी मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच्यासोबत जावे.