मागाचा ठेका

मे महिन्यात नागपुरात कोणाच्या घरी बसून ध्वनिमुद्रण करायचे म्हणजे सर्वांत आधी कूलर बंद करावा लागतो, आणि पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ही विनंती करताना जीव कचरतो. वस्त्यांमधल्या मुलामुलींना सोबत घेऊन त्यांच्याच परिसरातले आवाज गोळा करायचे आणि त्यांतून त्यांनीच गाणी रचायची, हे माझे काम असल्यामुळे अशी विनंती मी अनेक घरांत केलेली आहे. पण गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या आबाजींनी मी काही बोलण्याआधीच कूलरचे बटन बंद केले. "माग चालू असला का मले बी कूलर नाही पायजे," ते म्हणाले, "धागा ऐकू येत नाही." धागा ऐकू येतो म्हणजे काय, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाच उमगले नव्हते.

गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली हा भाग भोसल्यांच्या काळापासून विणकरांचा. १८७७ साली जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, पुढे यंत्रमाग आले, आणि तरीही हलबा कोष्टी कुटुंबांच्या घरात हातमाग बराच काळ टिकून राहिला. आता तो क्वचितच दिसतो. माझ्या गटातली मुले चौदा ते एकोणीस वर्षांची. त्यांच्यापैकी काहींच्या आजोबांनी आयुष्यभर माग चालवलेला, पण त्यांना स्वतःला तो आवाज आठवत नव्हता. गटातली एक मुलगी रॅप लिहिते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे वस्तीतली इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत 'घेऊन जा गे मारबत' अशी जी आरोळी उठते, ती धरून तिने कडवी रचली होती, आणि मारबतीने वस्तीतून काय काय घेऊन जावे याची तिची यादी चांगली लांबलचक होती. खंजिरी भजनाच्या मंडळात वाजवणारी दोन मुले सोबत होती. लॅपटॉप सांभाळणारा मुलगा अकरावीत होता आणि त्याचे कान माझ्यापेक्षा तरुण होते, याचा मला रोज फायदा होत असे.

माग खड्ड्यातला होता, म्हणजे आबाजी जमिनीच्या पातळीवर बसत आणि त्यांचे पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या फळ्यांवर, असत. मुलांनी एक मायक्रोफोन मागापासून हातभर अंतरावर लावला आणि दुसरी एक पातळ चकती चिकटपट्टीने थेट मागाच्या लाकडावर चिकटवली. ही चकती हवेतला आवाज जवळजवळ घेतच नाही, ती लाकडाची थरथर घेते. त्यामुळे बाहेरून ऑटो गेला किंवा शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या मुद्रणात ती जाणवत नाही. हेडफोन लावल्यावर मुलांना पहिल्यांदाच कळले की ज्याला आपण 'खटखट' म्हणून मोकळे होतो, ते प्रत्यक्षात तीन निराळे आवाज आहेत: पावडी दाबल्याचा खालचा जड आवाज, दोरीच्या हिसक्याने आडवा धागा नेणारा धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावल्याचा सळसळता आवाज, आणि शेवटी फणी आपटून आडवा धागा बसल्याचा ठोका. खंजिरीवाल्या मुलांनी तो ठेका मांडीवर लगेच धरला.

लॅपटॉपवाल्या मुलाने मिनिटाला ९२ ठोक्यांची टिकटिक लावून हेडफोन आबाजींच्या कानांवर चढवला. "आबाजी, याच्यावर विणा न जी." आबाजींनी मनापासून प्रयत्न केला आणि थोड्या वेळाने हेडफोन काढून ठेवला. "काठ आला का हात हळू होते, बापू. तुझी टिकटिक तर थांबूनच नाही राहिली." मग मुलांनी आपसांत बराच खल करून टिकटिक बंद केली आणि मागालाच ताल मानायचे ठरवले. याचा अर्थ असा की नंतर बसून मुद्रणातल्या प्रत्येक ठोक्यावर हाताने खूण करावी लागते, आणि बाकीची सगळी वाद्ये त्या खुणांच्या मागे चालतात. काम किचकट आहे. भजनात लय चढत जाण्याची सवय असल्याने खंजिरीवाल्यांना ते जमले, पण तयार तालावर लिहिणाऱ्या मुलीला काठापाशी आपले शब्द ताणावे लागत होते आणि त्यात तिची खरी कसोटी लागली.

ज्याचा आवाज घेतला त्याने तो सर्वांआधी ऐकायचा, आणि काय ठेवायचे, काय काढायचे यात त्याचा शब्द चालायचा, हा माझ्या कामातला न मोडणारा नियम आहे. आबाजींना आम्ही लाकडावरच्या चकतीचे मुद्रण ऐकवले. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच त्यांनी बोट वर केले. "इथं तुटला." मुलांना काहीच ऐकू आले नव्हते. माग तर त्यानंतरही चालूच होता. तीन ठोके पडले आणि मग तो थांबला, कारण प्रत्यक्ष विणतानाही आबाजींनी तुटलेला धागा तेव्हाच पाहून हात थांबवला होता. आम्ही तो भाग पुन्हा पुन्हा लावला, पडद्यावर मोठा करून पाहिला, तेव्हा आबाजींनी बोट उचलले होते त्याच जागी सुईच्या टोकाएवढा एक उंचवटा दिसला. मुले अवाक होऊन त्यांच्याकडे पाहू लागली.

वाद झाला तो पुढे. ठोका अचानक तुटतो ती जागा मुलांना फार आवडली. रॅपमध्ये अशी जागा मिळाली की एक सेकंद थांबून सगळी वाद्ये एकदम सोडता येतात, आणि लॅपटॉपवाल्याने तसे करूनही दाखवले. आबाजींनी मान हलवली. "तुटल्याचं ठेवलं अन् जोडल्याचं कापलं, तर ऐकणारा म्हणन, यानं तसंच विणलं." माझ्या मते हा कलेच्या दृष्टीनेही पूर्णपणे रास्त आक्षेप होता, पण मी मध्ये पडले नाही, कारण निर्णय त्यांच्यात व्हायला हवा होता. शेवटी ठरले असे की तुटलेला धागा ठेवायचा असेल, तर तो जोडायला लागलेला सगळा वेळ ठेवायचा. तो निघाला २२ सेकंदांचा. टोक शोधणे, ते फणीतून ओवून काढणे, गाठ मारणे, उरलेले शेपूट तोडणे. नीट ऐकले तर त्यात आबाजींचा श्वास आहे, सुतावरून फिरणारे नख आहे आणि दूरवर कांदे-बटाटे विकणाऱ्याची हाळी आहे. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात इतका वेळ वाद्य नाही म्हणजे पुष्कळच. मुलीने आधी त्या जागेत चार ओळी भरल्या, दोनदा ऐकल्या आणि आपल्या आपण पुसून टाकल्या. तिला कोणी तसे सांगितले नव्हते.

सूर्य कलल्यावर गल्लीतच एक स्पीकर ठेवून आम्ही कच्चे मुद्रण सगळ्यांना ऐकवले. त्याची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये आबाजींच्या घरी राहील, आणि त्यांना व मुलांना विचारल्याशिवाय ते कुठेही टाकले जाणार नाही, हेही तिथेच सर्वांसमोर बोलून घेतले. 'घेऊन जा गे मारबत' आले तेव्हा लहान पोरांनी आरोळीला आरोळी दिली. लोकांना गाणे आवडले होते. तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या एका काकूंनी हात वर करून विचारले, "कांड्या कोठी आहे याच्यात?"

आम्हाला प्रश्न कळेना. धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती घरातल्या बायका चरख्यावर भरतात. कांडी नसेल तर धोटा रिकामाच धावेल. "चाळीस वर्षं मी कांड्या भरल्या. याचा माग ऐकू येते, माह्या चरख्याची किरकिर काहून नाही?" आबाजींनी लगेच मान डोलावली. गाणे पुरे झाले असे समजून लॅपटॉप मिटू लागलेल्या मुलाने तो पुन्हा उघडला, चरख्याची किरकिर गाण्यात कुठे बसेल यावर खंजिरीवाल्यांशी त्याची चर्चा सुरू झाली, आणि दुसरी एक मावशी म्हणाली की तिचा चरखा अधिक चांगला वाजतो. काकूंनी सकाळी सातची वेळ दिली. रॅप लिहिणाऱ्या मुलीला मात्र त्यांनी सहालाच बोलावले. आधी दोन कांड्या भरून दाखव, मग माझा आवाज घे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मुलीने ते मान्य केले.