बंद गिरण्या, भिंतीच्या या बाजूने: लालबाग ते लोअर परळ

बंद इमारतींत शिरून फोटो काढणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: गिरणीची भिंत कुठे पडली आहे? एकदोन जागा मला माहीत आहेत, पण त्या मी इथे लिहिणार नाही. गिरणगाव, म्हणजे मुंबईचा कापड गिरण्यांचा भाग, बघायचं तर त्या भोकातून जाण्यापेक्षा चांगला रस्ता आहे, आणि नुकताच मी तो आमच्या चाळीतल्या काकांबरोबर चाललो. काका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर (साच्यांवर) कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते साच्यावर परत उभे राहिले नाहीत.

सुरुवात करी रोड स्टेशनहून करा. पूर्वेला उतरून चालत भारतमाता सिनेमापाशी या. इथली लांबच लांब भिंत इंडिया युनायटेड मिल नंबर १ ची, म्हणजे आधीच्या जेकब ससून मिलची. दादरला जिथे आंबेडकरांचं स्मारक उभं राहतंय ती इंदू मिल याच कुटुंबातली, नंबर ६. या गिरण्या आता एनटीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आहेत. फाटकावर वॉचमन असतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका आणि त्याला पैसेही देऊ करू नका, त्याची नोकरी जाईल. आत जायचंच असेल तर महामंडळाला लेखी अर्ज करा. कॉलेजच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर, कारण आणि माणसांची संख्या लिहून दिलेला अर्ज निदान वाचला तरी जातो.

आम्ही आत गेलो नाही, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. काकांनी तिथूनच मला गिरणी वाचायला शिकवलं, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. उंच, मजल्यांची इमारत दिसली की ते सूतकताईचं. बसकी, करवतीच्या दात्यांसारख्या छपराची शेड दिसली की ते साचेखातं. असं का, विचारलं. "अरे, हजार साचे एकदम हादरे देणार. वरच्या मजल्यावर ठेवले तर इमारत राहील का?" त्या दात्यांची काचेची बाजू उत्तरेला असते. ऊन थेट आत येत नाही, पण उजेड दिवसभर सारखा राहतो आणि तुटलेला धागा दिसतो. गिरणीच्या आवारात तलाव का असतो हेही मला तिथेच कळलं: वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं. चिमणी त्याच इंजिनाच्या बॉयलरची. १९१५ पासून खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली आणि हळूहळू चिमण्यांचं काम संपत गेलं. धाग्याला दमट हवा लागते, कोरड्या हवेत तो तुटतो, म्हणून १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली गिरणी काढली तेव्हा मुंबईची चिकचिकही कामाची ठरली.

हे सगळं माहीत नसताना भिंत ओलांडून आत गेलात तर तुम्हाला फक्त गंजलेलं लोखंड आणि पिंपळ दिसणार. माझा सगळा आग्रह यासाठीच आहे. आधी माणूस शोधा. लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींत अजून गिरणी कामगार आहेत, पण दर वर्षी कमी होताहेत. पडक्या शेडचे फोटो पुढच्या वर्षीही मिळतील, ही माणसं तेव्हा असतीलच असं नाही.

आता धोक्यांबद्दल. मजल्याची सागवानी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, वरून धड दिसते, खालून वाळवीने पोखरलेली असते. यंत्रं काढून नेल्यावर उरलेले खड्डे गवताने झाकले गेलेत. छपराचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, फुटक्या पत्र्याची धूळ छातीत जाते आणि साधा रुमाल ती अडवत नाही. पावसाळ्यात तर नाहीच नाही. शिवाय परक्याच्या आवारात बेकायदा शिरलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ लागू शकतं: तीन महिन्यांपर्यंत कैद, इमारतीत शिरलात तर वर्षापर्यंत.

काळाचौकीला इंडिया युनायटेडच्या दोन आणि तीन नंबरच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतलंय. निघण्याआधी ते उघडं आहे का ते विचारून घ्या.

तिथून लोअर परळ. मथुरादास, तोडी, रघुवंशी या आवारांत दिवसाढवळ्या जाता येतं, कारण शेडमध्ये आता ऑफिसं, दुकानं, हॉटेलं आहेत. एका हॉटेलात आम्ही चहा मागवला. काका चहा सोडून बिडाच्या खांबाकडे बघत होते. खांबाला वर एक कंगोरा होता, मला ती सजावट वाटली. त्यावर पूर्वी शाफ्ट, म्हणजे फिरता लोखंडी दांडा असायचा आणि त्यावरून पट्टा खाली साच्याला यायचा, हे त्यांनी वेटरलाही सांगितलं. मग धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, कसा धावायचा ते हाताने दाखवलं. साचेखात्यात आवाजामुळे बोलणं ऐकूच यायचं नाही, सगळा व्यवहार हातवाऱ्यांनी. ते हातवारे त्यांना अजून येतात. "पाणी", "जॉबर (मुकादम) आला", "धागा तुटला" एवढं मी शिकलो. तुम्ही कुणाला घेऊन गेलात तर याचा व्हिडिओ नक्की काढा, अर्थात त्यांना विचारून.

फिनिक्स गिरणीच्या जागेवरच्या मॉलमध्ये जुनी चिमणी राखून ठेवली आहे. काका तिथे फार थांबले नाहीत. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेला आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. माझ्या मते मुंबईच्या हातून एवढी मोठी जागा दुसऱ्या कुठल्याच निर्णयाने गेली नाही. मॉलमध्ये उभं राहून हे आठवलं की चिमणीचा फोटो काढावासा वाटत नाही.

वेळ रविवारी सकाळची ठेवा, लोअर परळचा पूल तेव्हाच चालण्याजोगा असतो. बरोबर वयस्कर माणूस असेल तर लालबाग ते लोअर परळ टॅक्सी करा. खाण्याचं लालबागलाच उरका, चिवडा गल्ली जवळ आहे. कुलाब्याची मुकेश मिल या फेरीत धरू नका. ती समुद्रावर आहे, १९८२ च्या आगीनंतर बंद आहे आणि तिथे भाडं भरून शूटिंग करणाऱ्यांनाच सोडतात.