वो : अख्ख्या गावाने स्वॅब दिला ते गाव

इटलीतल्या पादोवा शहराहून नैर्ऋत्येकडे निघालं की थोड्याच वेळात सपाट शेतांतून टेकड्या वर येताना दिसतात. आजूबाजूला चढ नाही, उतार नाही, आणि मधेच हे शंकू. खळ्यात धान्याच्या राशी घालून ठेवाव्यात तसे. या एउगानेई टेकड्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उलथापालथीतून त्या तयार झाल्या. सर्वांत उंच मोन्ते वेंदा, तोही जेमतेम ६०१ मीटर. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात आपण ज्या करड्या फरशीवरून चालतो, तो ट्रॅकाइट दगड याच टेकड्यांतला.

बहुतेक प्रवासी इथे येतात ते आर्क्वा गावासाठी. कवी पेत्रार्क १३७४ साली तिथे वारला, त्याचं घर बघण्यासारखं आहे. मी मात्र पश्चिमेच्या पायथ्याला असलेल्या वो गावासाठी आले होते. वस्ती साधारण सव्वातीन हजार. मुख्य वस्ती पायथ्याशी, बाकीच्या वाड्या उतारावर, आणि नजर जाईल तिथे द्राक्षमळे. २०२० मध्ये आमच्या लॅबमध्ये रोज करोना तपासणीच्या स्वॅबचे डबे येऊन पडत होते, तेव्हा या गावाचा अभ्यास आम्ही आपसांत फिरवून वाचला होता. ते गाव डोळ्यांनी पाहायचं होतं.

आधी जुन्या वोमध्ये, म्हणजे वो वेक्योत गेले. हा सगळा मुलूख १४०५ पासून व्हेनिसच्या ताब्यात होता, आणि व्हेनिसच्या सरदार घराण्यांनी इथे वाडे बांधले. त्यांतला एक व्हिला कोन्तारिनी-वेनिएर. देखणी, प्रशस्त वास्तू. डिसेंबर १९४३ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने इथे ज्यूंसाठी छावणी केली. पादोवा आणि आसपासच्या भागातले लोक पकडून आणले. १७ जुलै १९४४ ला छावणी रिकामी केली आणि ४७ जणांची रवानगी झाली, पुढे ऑशवित्झच्या मृत्युछावणीत. त्यांतल्या तीन बायका तेवढ्या परत आल्या. गावाचा हा इतिहास आणि २०२० ची टाळेबंदी काही जण एका वाक्यात जोडतात. मला ते अजिबात मान्य नाही. १९४४ मध्ये माणसं कोंडली ती मारण्यासाठी. दोन्हींचा उल्लेख एकाच लेखात येतोय, तो गाव एकच आहे म्हणून.

आता २०२० कडे. २१ फेब्रुवारीला इटलीतला करोनाचा पहिला मृत्यू नोंदला गेला, तो वोच्या एका वृद्ध रहिवाशाचा. ते चीनला गेलेले नव्हते, मग विषाणू आला कुठून? मूळ रुग्ण शेवटपर्यंत सापडला नाही. दोन दिवसांत सरकारने लोम्बार्दी प्रांतातली दहा गावं आणि व्हेनेतो प्रांतातलं हे एक, अशी अकरा गावं बंद केली. रस्त्यांवर पोलीस उभे राहिले.

पण नुसत्या नाकाबंदीसाठी वो लक्षात ठेवण्याचं कारण नाही, बंद तर बाकीची दहाही होती. वेगळं घडलं ते आत. व्हेनेतो प्रांताचे तेव्हाचे अध्यक्ष लुका झाइया यांनी सगळ्या गावाची तपासणी करायचं ठरवलं. लक्षणं असोत वा नसोत. त्याच सुमाराला देशाचं धोरण नेमकं उलट, म्हणजे लक्षणं असतील त्यांचीच तपासणी, असं होत चाललं होतं. पहिल्या फेरीत २८१२ लोकांनी स्वॅब दिले, म्हणजे गावातले जवळपास ८६ टक्के. ७३ जण बाधित निघाले, २.६ टक्के.

पादोवा विद्यापीठातले आंद्रेआ क्रिझांती हे आकडे बघून थांबले नाहीत. त्यांचं आधीचं आयुष्य लंडनमध्ये मलेरियाच्या डासांवर संशोधन करण्यात गेलेलं. टाळेबंदीच्या अखेरीला पुन्हा सगळ्या गावाला तपासायचं, हा त्यांचा आग्रह. ७ मार्चच्या आसपास दुसरी फेरी झाली, २३४३ लोक आले. बाधित २९, त्यांतले नवे फक्त आठ. बाधितांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना काहीही होत नव्हतं. ना ताप, ना खोकला. तरी त्यांच्या नाकाघशातला विषाणूचा भार आजारी माणसांइतकाच. दहा वर्षांखालची २३४ मुलं तपासली, एकही बाधित नाही. त्यांतली काही तर बाधितांच्या घरातच राहत होती.

लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला या दोन फेऱ्यांचं मोल लगेच कळतं. एकदाच तपासलं असतं तर हाती फक्त एक टक्केवारी राहिली असती. दोनदा तपासल्यामुळे साथ कशी सरकते आणि विलगीकरणाने कशी आटते, ते दिसलं. आणि हे दिसलं ते लोक दुसऱ्यांदाही आले म्हणून. दोन आठवडे कोंडलेल्या, बरं वाटत असलेल्या माणसाने पुन्हा नाकात काडी घालून घ्यायला यावं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. क्रिझांतींचं नाव जगभर झालं, व्हायलाच हवं होतं. पण या गावकऱ्यांचं नाव त्याच्या शेजारी लिहायला हवं.

त्याच दिवसांत लोम्बार्दीतल्या बेर्गामो शहराजवळच्या आल्झानो आणि नेम्ब्रो गावांत रुग्ण वाढत होते. ती गावं वेळेवर बंद झाली नाहीत. मार्चच्या मध्यावर बेर्गामोतून शवपेट्या नेणारे लष्करी ट्रक सगळ्या जगाने पाहिले. वोसारखी तपासणी मोठ्या शहराला झेपली असती का, हा प्रश्न रास्त आहे. छोट्या गावांना मात्र झेपली असती, असं माझं ठाम मत आहे.

या विद्यापीठाच्या मुलुखात हे घडणं मला साजेसं वाटतं. व्हेनिसने प्लेगची लागण झालेल्यांसाठी वेगळ्या बेटावर १४२३ सालीच इस्पितळ उभारलं होतं. संसर्ग सूक्ष्म बीजांमधून पसरतो, असं १५४६ मध्ये मांडणारा वैद्य फ्राकास्तोरो पादोवातच शिकलेला.

गावात आज या सगळ्याची जाहिरात नाही. एका वाईनच्या दुकानात मस्कात द्राक्षांची गोडसर फिओर दारांचो चाखली, तिला संत्र्याच्या फुलांसारखा वास येतो. दुकानातल्या बाईंशी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये बोलले. त्या दोन्ही फेऱ्यांना गेल्या होत्या, आणि नंतर रक्त द्यायलाही.

कारण अभ्यास मार्चमध्ये संपला नाही. त्याच वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये गावाने प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटीबॉडीजच्या, तपासणीसाठी रक्त दिलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाधित झालेल्यांपैकी ९८.८ टक्के लोकांमध्ये नोव्हेंबरलाही प्रतिपिंडं सापडली. लस येण्याआधीच्या त्या हिवाळ्यात, शरीर हा आजार निदान काही महिने तरी लक्षात ठेवतं, याचा भक्कम पुरावा या द्राक्षमळ्यांच्या गावाने दिला.