पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता

उतारावर तीन-चार ब्रेक झाले की गाडी डावीकडे ओढायची आणि पेडलवरून पाय काढला तरी थोडा वेळ ओढतच राहायची. सपाटीला एकदम सरळ. हे "पाय काढला तरी" मी गॅरेजमध्ये दर वेळी सांगितलं आणि दर वेळी ते कोणी कानावरच घेतलं नाही, त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्यांदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. दुसऱ्यांदा परत अलाइनमेंट. टेस्ट ड्राइव्ह कुठे, तर गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर, गाडी थंड असताना, दोन ब्रेक मारायचे आणि "काही नाही हो, भास होतोय तुम्हाला". अहो, अलाइनमेंटचा दोष असता तर ब्रेक न मारताही ओढली असती ना! तिसऱ्यांदा मी हट्टच धरला, मेकॅनिकला शेजारी बसवलं आणि उतारावर नेलं. खाली थांबून पुढच्या चाकांजवळ हात नेला (रिमला हात लावू नका, भाजतं, आणि पाणी तर मुळीच ओतू नका, तापलेली डिस्क, म्हणजे ब्रेकची तबकडी, तडकू शकते) तर उजवं गरम पण सोसवेल इतपत, डावीकडे हात नेववेना, वर जळका वास. तेव्हा कुठे त्याला पटलं.

मग जॅकवर घेऊन पेडल दाबून सोडलं, डावं चाक जाम. कॅलिपरचा (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) ब्लीडिंग निपल (ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरासा सैल केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक भिंगरीसारखं फिरलं. म्हणजे पॅड ढकलणारा पिस्टन आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना ठीक, प्रेशरच अडकत होतं. कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारा रबरी ब्रेक होस (नळी) आतून सुजला होता, बाहेरून अगदी नव्यासारखा. पेडल दाबल्यावर ऑइल जोरात पुढे जायचं, परत यायला वेळ लागायचा, उतारावर लागोपाठ ब्रेक मारले की साठत जायचं.

पुढचे दोन्ही होस बदलले, जोडीनेच बदला. डावीकडचे पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झाले होते म्हणून पॅडही दोन्हीकडचे नवे, ऑइल नवं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. निपल सैल करूनही चाक सुटलं नाही तर मात्र पिस्टन नाहीतर पिना बघायला सांगा.

आणि हो, दुरुस्ती होईपर्यंत उतार टाळाच, मी उगाच दोन आठवडे तशीच चालवली. आता त्याच उतारावर सेकंड गिअरमध्ये उतरतो, पाय काढला की गाडी लगेच मोकळी होते.