अण्णांचा अंगठा आणि दुष्काळाचे अनुदान

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, उजव्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नाहीत. चाळीस वर्षे मेंढ्यांची लोकर कातरताना कातर जिथे रुतते तिथली कातडी गुळगुळीत आणि टणक झाली आहे, आणि बाकीच्या बोटांना वाघरीच्या, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायच्या जाळीच्या, दोऱ्यांनी व बाभळीच्या काट्यांनी चिरा पडल्या आहेत. हे हात मी लहानपणापासून पाहत आले; पण त्यांच्यापायी दुष्काळाचे अनुदान दोन महिने अडकून राहील असे कधी मनातही आले नव्हते. २०२४ च्या मार्चपासून मे महिन्यापर्यंत जे घडले ते मी लिहून ठेवते आहे, कारण मेंढरे आणि कोरडवाहू शेती दोन्ही सांभाळणारी आमच्यासारखी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांना या गोष्टी आधी कोणी सांगत नाही.

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमची बाजरी निसवायच्या वेळीच करपली आणि तूर गुडघ्याच्या वर गेली नाही. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सोलापूर जिल्ह्यातले बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस आणि सांगोला हे पाच तालुके त्यात होते, आणि आमचा तालुका त्यांपैकीच एक. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट अशा सवलती जाहीर झाल्या. पण आमच्या विहिरीचा तळ दिसत होता, तिथे पंपाच्या बिलाचा प्रश्नच नव्हता. आमची सारी आशा पीकनुकसानीच्या अनुदानावर होती. निकषाप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. अण्णांच्या नावे १ हेक्टर २० आर जमीन आहे, म्हणजे १०,२०० रुपये. शहरात राहणाऱ्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. आमच्या घरात त्या वर्षी दिवाळीनंतर हातात आलेला हा पहिला पैसा ठरणार होता.

यादीत नाव आले, त्यासमोर अनुदानासाठी लागणारा विशिष्ट क्रमांकही आला. तलाठ्यांनी यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली तेव्हा आईने शेजारच्या मुलाकडून वाचून घेतली आणि मला फोन केला. इथपर्यंत काहीही त्रास झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

त्या वेळी अण्णा गावात नव्हते. पाऊस झाला नाही की माळावर चरायला काही राहत नाही, मग वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, उचलून ओलिताच्या मुलखात जावे लागते. त्या वर्षी ते आणि माझे चुलते मिळून दीडशेच्या आसपास मेंढ्या घेऊन वारणाकाठी गेले होते, तुटलेल्या उसाच्या रानात पाल्यावर मेंढ्या चारायला आणि रात्री शेतात खतासाठी बसवायला. चारा आणि खत यांचा हा जुना व्यवहार नसता, तर दुष्काळात एकही मेंढरू जगले नसते. मात्र सरकारी कागदावर या व्यवहाराचा मागमूस नाही. खातेदार गावातच आहे आणि बोलावले की तासाभरात येईल, असे धरूनच सगळे चालते.

विशिष्ट क्रमांक आणि आधार कार्ड घेऊन खातेदाराने स्वतः सेवा केंद्रावर जायचे, तिथे आधार प्रमाणीकरण करायचे, आणि मग पैसे थेट बँकेत जमा होणार, अशी ही पद्धत. अण्णा रात्रीच्या एसटीने आले, सकाळी नऊला मी त्यांना घेऊन केंद्रावर गेले. आमच्या आधी तीसेक माणसे होती. दुपारी दीडच्या सुमारास नंबर लागला. केंद्रावरच्या मुलाने यंत्र पुढे केले. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी, पुन्हा अंगठा. प्रत्येक वेळी पडद्यावर तेच लाल अक्षरातले वाक्य.

"आजोबा, जरा जोरात दाबा."

"दाबतोय की लेकरा."

मग साबणाने हात धुऊन झाले, ओल्या फडक्याने पुसून झाले, कोणीतरी खोबरेल लावायला सांगितले तेही झाले. दहाही बोटे झाली. मागच्या माणसांची कुजबूज सुरू झाली तेव्हा तो मुलगा म्हणाला, "यांचं इथं होणार नाही, तालुक्याला कार्यालयात विचारा." त्या मुलाचा दोष नव्हता, त्याने आपल्यापरीने पाऊण तास घालवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला गेलो. संबंधित टेबलावर सांगण्यात आले की प्रमाणीकरण हे सेवा केंद्राचे काम आहे, कार्यालयाकडे फक्त यादी असते. मी विचारले, "बोटे उमटतच नसतील तर करायचे काय?" उत्तर मिळाले, "पुन्हा प्रयत्न करा, कधी कधी येतं." पुन्हा प्रयत्न म्हणजे काय हे त्या टेबलाला माहीत नव्हते. वारणाकाठाहून गावी यायचे म्हणजे एक रात्र आणि जायचे म्हणजे दुसरी. तेवढा वेळ माझे चुलते एकटे दीडशे मेंढरे आणि त्या आठवड्यात व्यालेल्या मेंढ्यांची कोकरे सांभाळणार. अण्णा त्याच संध्याकाळी परत गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा रांगेत उभे राहिले, आणि पुन्हा तेच झाले. त्यांच्या मागे वाड्यावर दोन कोकरे रात्रीच्या गारठ्याने दगावली. चुलते एकटे होते, त्यांचाही इलाज नव्हता.

त्या दिवशी अण्णा केंद्राबाहेर पायरीवर बसले आणि आपले हात उलटे-सुलटे करून पाहत राहिले. "आयुष्यभर ज्या हातांनी खाल्लं, ते हात सरकारला पटंनात व्हय," एवढेच म्हणाले. मला त्या क्षणी जितका राग आला तितका फार थोड्या वेळा आला असेल. रांगेतली आणखी चार-पाच म्हातारी माणसे अशीच परत जात होती, कुणी खुरप्याने बोटे झिजलेली, कुणी वीटभट्टीवर काम केलेली. ज्यांच्यासाठी मदत जाहीर झाली त्यांच्याच हातांवर रेषा शिल्लक नाहीत, हे यंत्र बसवणाऱ्यांच्या आधीच लक्षात यायला हवे होते.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. प्रत्येक वेळी जाताना केंद्राकडून काही तरी छापील कागद मागून घ्या, प्रमाणीकरण अयशस्वी झाल्याचा असला तरी चालेल. पहिल्या दोन वेळा मी तो घेतला नाही, त्यामुळे आम्ही खरोखर आलो होतो हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हते.

तिसऱ्या खेपेला मी अण्णांना बोलावले नाही, एकटीच तालुक्याला गेले. बसस्थानकाजवळच्या एका छोट्या केंद्रात एक मुलगी काम करत होती. तिला सगळे सांगितल्यावर तिने एकच प्रश्न विचारला: "आजोबांच्या आधारला मोबाईल जोडलाय का? ओटीपीनेही होतं." त्या मुलीचे नाव मी विचारले नाही याची आजही चुटपुट लागते. हा प्रश्न पहिल्याच दिवशी कोणी विचारला असता तर दोन फेऱ्या, चार रात्री आणि कदाचित ती दोन कोकरेही वाचली असती. यादी भिंतीवर लावता, तर त्याच यादीखाली "बोट उमटत नसेल तर मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीनेही होते" ही एक ओळ लिहायला किती शाई लागते?

अण्णांच्या आधारला माझ्या भावाचा जुना, कधीच बंद पडलेला नंबर होता. तो बदलायला आधार केंद्रावर अण्णांना स्वतःच यावे लागले, ती त्यांची खरी शेवटची फेरी. तिथे त्यांचे डोळ्यांचे चित्र घेतले गेले आणि ते पहिल्याच झटक्यात जुळले. बोटांचे ठसेही नव्याने घेतले. त्याचे १०० रुपये पडले. डोळ्यांनी ओळख पटते ही सोय सगळ्या सेवा केंद्रांवर का नाही, याचे उत्तर मला कुणी दिले नाही. नवा नंबर चढायला आमच्या बाबतीत दहा-बारा दिवस लागले, म्हणून अनुदानाची यादी लागायची वाट न पाहता हे काम आधीच करून ठेवावे. बाहेरगावी मेंढरे घेऊन जाणाऱ्यांनी तर दिवाळीला वाडा हलायच्या आधीच करावे.

नंबर चढल्यावर मी पुन्हा त्याच मुलीकडे गेले. तिने विशिष्ट क्रमांक टाकला, आधार क्रमांक टाकला, आणि अण्णांच्या फोनवर आकडे गेले. अण्णांना वाचता येत नाही. फोनवरून वारणाकाठच्या रानातला वारा आणि मेंढ्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि पलीकडच्या वाड्यावरचा सातवीत शिकणारा मुलगा एकेक आकडा मोठ्याने सांगत होता. तिने सहा आकडे भरले. पडदा हिरवा झाला. सगळे मिळून चार मिनिटांत आटोपले.

आणखी एक अडचण राहिलीच होती. पैसे आपण सांगितलेल्या खात्यात येत नाहीत, आधारशी जे खाते शेवटचे जोडले गेले असेल त्यात येतात. आम्ही सहकारी बँकेच्या पासबुकावर डोळे लावून बसलो होतो आणि रक्कम मात्र कधीकाळी रोजगार हमीसाठी उघडलेल्या, आम्ही विसरून गेलेल्या खात्यात जमा झाली. कुठले खाते जोडलेले आहे ते बँकेत आधार क्रमांक देऊन विचारता येते. हेही आधी करून घ्यावे.

यानंतर मी गावातल्या मेंढपाळ घरांची यादी काढली. अकरा घरांपैकी सात खातेदार बाहेर होते आणि त्यांतल्या पाच जणांच्या आधारला चालू नंबर नव्हता. प्रत्येकाला फोन करून सांगितले. चौघांचे पैसे नंतर आले. पाचव्या काकांचे प्रकरण अजून अडकले आहे, कारण त्यांच्या आधारवरचे नाव आणि सातबारावरचे नाव यांत एका वेलांटीचा फरक आहे.

जमा झाल्याचा संदेश आला त्या संध्याकाळी मी अण्णांना फोन केला. दहा हजार दोनशे आल्याचे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बरं झालं. चार हजार आईकडं दे, बाकीचं इकडं लाव. कोकरांना जंताचं औषध पाजायचंय, पाऊस पडायच्या आत."