उघाडी

२४ जुलै, गुरुवार. दीप अमावास्या.

सकाळपासून धो धो. साडेअकराला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न, पाणी कधी उतरणार? बाबा खिडकीतूनच म्हणाले, "भरती लागलेय. दोन वाजंपर्यंत पानी जायाचा नाय." घड्याळ नाही, मोबाईल नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. बाबांनी सांगितलेली वेळ मी तशीच ग्रुपवर टाकली. लगेच एकाने विचारलं, "ॲप कुठलं?"

सव्वादोनला पाणी हललं. मग बाबांना घेऊन होल्डिंग पाँडवर, म्हणजे शहराचं पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यावर गेलो. नेरूळचा हा भाग म्हणजे एकेकाळची आमची खारजमीन, खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेती. समुद्राच्या बाजूला मातीचा बांध आणि त्यात लाकडी झडपेची उघाडी असायची. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की झडप बंद, ओहोटीला शेतातलं पाणी ती आतून ढकलून निघून जायचं. नव्या शहराच्या पाँडचं दारही तेच काम करतं, फक्त लोखंडी आणि मोठं. फरक माणसांचा. बांधाला खांड पडली की रात्री अख्खं गाव फावडी घेऊन धावायचं, कारण प्रत्येकाचं भात त्यात होतं. आज पाँडमध्ये गाळ आणि तिवरं माजलीत, आणि गाळ कुणी काढायचा यावर नुसती कागदपत्रं फिरताहेत.

१९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी, नवी मुंबईसाठी गेल्या. १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात बाबाही होते. गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर ही बिल्डिंग उभी आहे. म्हणजे मी तक्रार तरी कुठल्या तोंडाने करू? खाऱ्या जमिनीत वर्षाला एकच पीक, आणि आईच्या डोक्यावर गोड्या पाण्याचे हंडे. ते मला परत नकोच आहे.

बाबा दारापाशी वाकून बराच वेळ बघत होते. फटीत प्लास्टिक आणि थर्माकोल अडकलेला. "झडप पुरी मिटतंच नाय," म्हणाले, आणि छत्रीच्या टोकाने कचरा ओढायला लागले. वॉचमनने हटकलं. मीच त्यांना मागे ओढलं. येताना ते एक शब्द बोलले नाहीत.

उद्या प्रतिपदा. पाऊण वाजता भरती. गाडी सकाळीच चढावर नेऊन लावायला हवी.